ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली सही

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर रात्री निवांत वाचा.

आपल्याकडे मेट्रो, पूल, बोगदा, पाणीयोजना, काहीही जाहीर झालं की बातमीत एक ओळ हमखास असते: प्रकल्पासाठी अमुक परदेशी कंपनीची सल्लागार म्हणून नेमणूक. त्या ओळीवरून लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, "शेवटी बाहेरचेच लागतात, आपल्याकडे कुठे आहे ते ज्ञान?" दुसरा म्हणतो, "मग आपले इंजिनिअर काय नुसते फायली फिरवायला ठेवलेत का?" मी आयुष्यभर याच धंद्यात होतो आणि मला ही दोन्ही वाक्यं अर्धवट वाटतात. बाहेरचा सल्लागार घेण्यात कमीपणा काहीच नाही. तो निघून गेल्यावर आपल्याकडे काय उरलं, हे मात्र विचारायला हवं. या प्रश्नाचं बरं उत्तर आपल्या देशाने एकदा देऊन दाखवलंय, आणि त्यातला मोठा भाग मुंबईत घडलाय. म्हणून आज थोडा इतिहास.

आधी हा सल्लागार नेमकं करतो काय ते बघू. कारण "सल्ला" म्हटलं की वाटतं, कुणीतरी टाय लावून येतो, दोन गोष्टी सांगतो आणि बिल पाठवतो. प्रत्यक्षात कारखाना, वीजकेंद्र किंवा मेट्रो कागदावर उभी करणारा माणूस तो असतो. सविस्तर प्रकल्प अहवाल, म्हणजे डीपीआर, तो लिहितो. पंप केवढा, पाइप किती जाडीचा, पाया किती खोल, हे तो ठरवतो. टेंडरची कागदपत्रं तयार करतो, आलेले देकार तपासतो, माल कारखान्यातून निघण्यापूर्वी तिथे जाऊन बघतो आणि शेवटी सगळं चालू करून देतो. त्याची फी एकूण खर्चाच्या मानाने थोडी असते. पण उरलेला सगळा पैसा कुठे जाणार हे त्याच्या कागदावर ठरतं.

कसं ते सांगतो. सल्लागार अमेरिकन असेल तर तो अमेरिकन मानकं लिहितो, जर्मन असेल तर जर्मन, रशियन असेल तर रशियन. त्यात वाईट हेतू असतोच असं नाही. माणूस ज्या मापात शिकला त्याच मापात विचार करतो. पण स्पेसिफिकेशनमध्ये तो जे व्हॉल्व्ह, जे पंप, जी पोलादाची प्रत लिहितो, ती त्याच्या देशातल्या कारखान्यांना सहज जमते आणि आपल्या कारखान्याला टेंडरच भरता येत नाही. सल्लागार इथला असेल तर त्याला ठाऊक असतं की हे भांडं पवईला लार्सन अँड टुब्रोत होईल, हे विक्रोळीला गोदरेजमध्ये होईल, हे वालचंदनगरला जमेल. मोठ्या कामामागे भोसरी-अंबडच्या छोट्या शेडमधली लेथही फिरायला लागते. म्हणजे ड्रॉइंग कोण काढतो यावर घाम गाळायचं काम कुणाला मिळणार तेही ठरतं. डिझाइनचा प्रश्न शेवटी रोजगाराचा प्रश्न होतो, तो असा.

आता खोपोलीपासून सुरुवात करू. पुण्याहून मुंबईला येताना घाट उतरलात की डोंगरावरून खाली येणाऱ्या त्या जाड पाइपांच्या रांगा दिसतात. लोणावळ्याचं पाणी अडवायचं, घाटाखाली सोडायचं, वीज करायची आणि मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग या मुंबईतल्या एका इंग्रज वास्तुविशारदाने मांडली आणि जमशेटजी टाटांनी ती उचलून धरली. जमशेटजी १९०४ साली गेले. टाटा हायड्रोची कंपनी १९१० साली निघाली, भांडवल इथल्याच लोकांनी आणि संस्थानिकांनी दिलं आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईत आली. भांडवल देशी होतं, पाऊस देशी होता, मजूर देशी होते. सल्लागार मात्र लंडनचे आल्फ्रेड डिकिन्सन होते. त्या काळी दुसरा पर्यायच नव्हता.

त्यामागोमाग १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा ही केंद्रं झाली. भिऱ्यासाठी मुळशी खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली आणि १९२१ साली सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह उभा राहिला. तो हिशेब वेगळा आणि तो या पोस्टमध्ये मावणार नाही. पण वीजकेंद्रांचं कौतुक करताना मुळशीचं नाव न घेणं मला जमत नाही.

मग १९२९ साल आलं. टाटांनी आपल्या वीज कंपन्यांचा कारभार बघण्यासाठी टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक एजन्सीज ही कंपनी काढली आणि तिच्यात न्यूयॉर्कच्या अमेरिकन अँड फॉरेन पॉवर कंपनीला भागीदार म्हणून घेतलं. ही अमेरिकन कंपनी इलेक्ट्रिक बाँड अँड शेअर या बड्या समूहातली होती. त्या समूहाच्या नावातली इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की होतं "एबॅस्को". हे नाव लक्षात ठेवा.

अमेरिकेत १९३५ साली कायदा झाला आणि विजेच्या असल्या अवाढव्य समूहांना आवर घातला गेला. एबॅस्को सर्व्हिसेस ही पुढे वीजकेंद्रांचं डिझाइन आणि बांधकाम करणारी नावाजलेली कंपनी म्हणून जगभर कामं करत राहिली. इकडे देश स्वतंत्र झाला. पंचवार्षिक योजना आल्या, गावोगाव वीज पाहिजे होती, औष्णिक केंद्रं उभारायची होती. प्रत्येक केंद्राचं डिझाइन परदेशातून आणायचं तर डॉलर लागतात आणि तिजोरीत डॉलर नाहीत. अशा वेळी १९६२ साली मुंबईत टाटा आणि एबॅस्को यांच्या भागीदारीत एक कंपनी निघाली: टाटा-एबॅस्को कन्सल्टिंग इंजिनिअरिंग सर्व्हिसेस.

तीस-तेहेतीस वर्षांत संबंधाचा प्रकार कसा बदलला बघा. १९२९ साली अमेरिकन घराण्याशी भागीदारी झाली ती कारभाराची आणि पैशाची. १९६२ साली त्याच वंशातल्या कंपनीशी भागीदारी झाली ती कसबाची. नावात पहिला शब्द टाटा होता, कचेरी मुंबईत होती आणि काम करणारी माणसं इथली होती. पुढे नावातून एबॅस्को गेलं आणि टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स झालं. आज ती पूर्णपणे टाटांची कंपनी आहे आणि देशातल्या जुन्या, मोठ्या सल्लागार कंपन्यांत तिचं नाव घेतलं जातं. गंमत म्हणजे मूळ गुरू उरला नाही. एबॅस्को अमेरिकेत एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात जात १९९० च्या दशकात रेथिऑनला विकली गेली आणि तिचं स्वतंत्र नाव पुसलं गेलं. चेला मात्र टिकला.

पण "नाव बदललं" आणि "कंपनी आपली झाली" या दोन गोष्टी एकाच दिवशी होत नाहीत. इथे माझा स्वतःचा अनुभव सांगतो.

मी १९८० च्या दशकात मुंबईतल्या एका सल्लागार कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून लागलो. नाव महत्त्वाचं नाही. मोठा हॉल, तिरपे ड्रॉइंग बोर्ड, ट्रेसिंग पेपर, रॉट्रिंगची पेनं, आणि चूक झाली की दाढीच्या अर्ध्या ब्लेडने शाई हळूच खरवडायची. प्रिंट काढायच्या खोलीत अमोनियाचा असा वास की डोळ्यांतून पाणी यायचं. नव्या पोराला पहिली कामगिरी रेकॉर्ड रूममध्ये मिळायची. जुनी ड्रॉइंग शोधून आणायची, धूळ झटकायची, परत जागेवर ठेवायची.

प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते, टायटल ब्लॉक. त्यात तीन रकाने: ड्रॉन, चेक्ड, अप्रूव्हड. काढलं कुणी, तपासलं कुणी, मंजूर केलं कुणी. जुन्यातल्या जुन्या गठ्ठ्यांत तिन्ही रकान्यांत परदेशी आद्याक्षरं असायची. त्यानंतरच्या गठ्ठ्यांत पहिल्या रकान्यात कुळकर्णी, परेरा, शहा अशी मंडळी यायला लागलेली, पण तपासणारा आणि मंजूर करणारा अजून साहेबच. अजून काही वर्षांनी तपासणारेही आपलेच. आणि सगळ्यात शेवटी, फार उशिरा, तिसरा रकाना.

आमचे एक सीनियर होते. ते म्हणायचे, कंपनी कुणाची हे कळायला शेअर सर्टिफिकेट कशाला बघता, तिसरा रकाना बघा. त्यांचं म्हणणं मला तेव्हा थोडं नाटकी वाटलं होतं, पण पुढे नोकरीभर मला ते खरं होताना दिसलं. पहिल्या रकान्याला हात लागतो. दुसऱ्याला अनुभव लागतो. तिसऱ्याला जबाबदारी लागते. बॉयलर फुटला, पाया खचला, तर उद्या चौकशीत उभं कोण राहणार, ते तिथे लिहिलेलं असतं. ज्ञान पुस्तकातून येतं, साहेबाच्या शेजारी बसूनही येतं. जबाबदारी मात्र कुणीतरी द्यावी लागते. ती दिली गेली नाही तर पहिल्या रकान्यात माणूस निवृत्तीपर्यंत राहतो.

आता दुसरी गोष्ट, सरकारी बाजूची. पन्नासच्या दशकात देशात ज्या आधुनिक रिफायनऱ्या आल्या त्या परदेशी कंपन्यांच्या. ट्रॉम्बेला १९५४ साली स्टॅनव्हॅकची, म्हणजे पुढच्या एस्सोची, आणि १९५५ साली बर्मा-शेलची. विशाखापट्टणमला १९५७ साली कॅलटेक्सची. डिझाइन त्यांचं, मालकी त्यांची. मग सरकारने स्वतः रिफायनऱ्या काढायचं ठरवलं. पण प्रत्येकीला मदत वेगळ्या देशाची. गुवाहाटीजवळ नूनमाटीला रुमानियाची, बरौनी आणि कोयलीला सोव्हिएत रशियाची, कोचीनला अमेरिकेच्या फिलिप्सची. सगळीकडे मापं वेगळी, मानकं वेगळी, सुटे भाग वेगळे. एका रिफायनरीत शिकलेला इंजिनिअर दुसरीत गेला की पुन्हा बिगरीत. कारखाने उभे राहत होते, पण त्यांच्यात मिळालेलं ज्ञान एका ठिकाणी साठत नव्हतं.

ते साठवण्यासाठी एक भांडं हवं होतं. भारत सरकार आणि अमेरिकेची बेक्टेल यांच्यात जून १९६४ मध्ये करार झाला आणि १५ मार्च १९६५ रोजी इंजिनिअर्स इंडिया ही कंपनी नोंदली गेली. बेक्टेल म्हणजे त्या काळातली जगातली बडी असामी. आपल्या तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामातही जनरल इलेक्ट्रिकच्या हाताखाली बेक्टेलच होती. अशा कंपनीशी सरकारची भागीदारी झाली आणि दोनच वर्षांत, मे १९६७ मध्ये, इंजिनिअर्स इंडिया पूर्णपणे सरकारच्या मालकीची झाली.

कागदावर बघितलं तर हा विषय इथे संपला. दोन वर्षांत स्वदेशी! पण दोन वर्षांत कुणी रिफायनरीचं डिझाइन शिकत नाही हो. मालकी १९६७ साली आली. तिसरा रकाना यायला पुढचं दशक लागलं, कदाचित जास्तच.

ते कसं आलं हे समजायला एक बारकावा सांगतो. रिफायनरीतल्या मुख्य प्रक्रियेचं गुपित बहुधा परदेशी परवानाधारकाकडे असतं. त्याला पैसे मोजून ते घ्यावं लागतं, आजही घेतात. पण त्याच्याकडून मिळतो तो मूळ आराखडा. त्यावरून हजारो ड्रॉइंग काढायची, प्रत्येक पाइपचा मार्ग ठरवायचा, प्रत्येक भांड्याची जाडी मोजायची, पाये, तारा, उपकरणं, आगीची व्यवस्था, हे सगळं तपशिलाचं काम वेगळं. इंजिनिअर्स इंडियाने पहिला मोर्चा तिथे वळवला. सगळंच एका दिवसात आपलं करण्याचा हट्ट धरला नाही. जिथे बाहेरचा माणूस लागतो तिथे तो घ्यायचा, पण मुख्य सल्लागार आपण आणि तो आपल्या पाठीशी. आधी साहेब पुढे आणि आपण मागे असायचो, आता ते उलटं झालं. दिसायला एवढासा बदल, पण त्यात तिसरा रकाना आपल्याकडे येतो.

नशिबाने कामही मिळत गेलं. १९७४ साली मुंबईजवळच्या समुद्रात बॉम्बे हायला तेल लागलं आणि १९७६ साली उत्पादन सुरू झालं. त्याच काळात एस्सो आणि बर्मा-शेल सरकारने ताब्यात घेतल्या आणि हिंदुस्तान पेट्रोलियम, भारत पेट्रोलियम झाल्या. समुद्रात प्लॅटफॉर्म हवेत, समुद्राखालून उरणपर्यंत पाइपलाइन हवी, किनाऱ्यावर गॅस वेगळा करायचे प्लांट हवेत. रिफायनऱ्या वाढवायच्या. हे सगळं एकामागून एक येत राहिलं. शिकाऊ माणूस एका कामातून शिकत नाही. पहिल्या कामात चुकतो, दुसऱ्यात दुरुस्त करतो, तिसऱ्यात त्याला आत्मविश्वास येतो. कामांची अशी रांग लागली म्हणून ईआयएल तयार झाली. टाटा-एबॅस्कोचंही तेच म्हणता येईल. पाठीशी वीज बनवणारं घर होतं, त्यामुळे धंद्यात मंदी आली म्हणून शिकलेली माणसं घरी बसवायची वेळ आली नाही.

आता याच्या उलट उदाहरण. कारण नुसत्या यशाच्या गोष्टी सांगितल्या की माणूस फसतो.

मिनू नरिमन दस्तूर हे पोलाद उद्योगातले जाणकार इंजिनिअर. अमेरिकेतला अनुभव घेऊन आले आणि १९५५ साली त्यांनी कलकत्त्यात स्वतःची सल्लागार कंपनी काढली. परदेशी भागीदार नाही, पहिल्या दिवसापासून तिन्ही रकाने भारतीय. बोकारोच्या पोलाद कारखान्याचा अहवाल सरकारने त्यांच्याकडूनच करून घेतला होता. कारखान्याला अमेरिकेने पैसे द्यावेत म्हणून बोलणी चालली होती. ती १९६३ साली फिसकटली. मग सोव्हिएत रशिया पुढे आला आणि १९६५ च्या सुरुवातीला करार झाला. पण रशियाचं कर्ज आलं तर रशियाचं डिझाइनही आलं. मुख्य सल्लागाराची जागा रशियन संस्थेकडे गेली आणि दस्तूर कंपनी बाजूला पडली.

दस्तूर गप्प बसले नाहीत. रशियन आराखड्यात कुठे कुठे खर्च वाचवता येईल याचा अभ्यास करून त्यांनी सरकारला दिला. वाचणारी रक्कम शंभर कोटींच्या वर होती, आणि हे साठच्या दशकातले शंभर कोटी. त्यातला अगदी थोडा भाग मान्य झाला. यावर तेव्हा संसदेत आणि वर्तमानपत्रांत पुष्कळ गदारोळ झाला.

म्हणजे इथे ज्ञान होतं, माणूस होता, कंपनी शंभर टक्के देशी होती. कमी होता तो फक्त कामाचा आदेश. कर्ज देणारा देश सल्लागारही आपलाच लावतो, हे बोकारोने दाखवून दिलं. दस्तूर कंपनी त्यातूनही उभी राहिली, पुढे विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याचं काम तिने केलं. पण बोकारोत जे शिकायला आणि शिकवायला मिळालं असतं ते गेलं ते गेलंच.

सत्तरच्या दशकात सरकारने धोरण आवळलं. १९७३ चा फेरा कायदा आला आणि बहुतेक परदेशी कंपन्यांना इथला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणावा लागला. वापकॉस १९६९ साली निघाली होती, मेकॉनला १९७३ साली आजचं रूप आलं, रेल्वेची राइट्स १९७४ साली निघाली. पाणी, पोलाद, रेल्वे, प्रत्येकासाठी सरकारने स्वतःचं एकेक भांडं केलं. फेराचे तोटेही झाले, काही परदेशी कंपन्या देश सोडून गेल्या, हे मान्य. पण नुसत्या फेराने सल्लागार कंपन्या तयार झाल्या असं जे म्हणतात त्यांना एवढंच सांगतो की टाटा-एबॅस्को १९६२ ची आणि ईआयएल १९६५ ची. कायद्याने दार लोटलं असेल, आतलं घर आधीच बांधून झालं होतं.

अलीकडचं एक उदाहरण अजून सुखद आहे. दिल्ली मेट्रो जपानच्या कर्जावर उभी राहिली. कर्ज जपानचं, त्यामुळे मुख्य सल्लागारांच्या गटाचं नेतृत्व जपानच्या पॅसिफिक कन्सल्टंट्सकडे. बोकारोचीच पुनरावृत्ती व्हायची. पण त्या गटात आपली राइट्सही भागीदार होती, आणि मालक म्हणून समोर श्रीधरन यांच्यासारखा, कोकण रेल्वे बांधून आलेला माणूस बसला होता. २००२ साली पहिली गाडी धावली. आणि काही वर्षांतच दिल्ली मेट्रो स्वतः सल्लागार झाली. आपल्या नागपूर आणि पुणे मेट्रोचे प्रकल्प अहवाल तिने केले. जकार्ता आणि ढाक्याच्या मेट्रोच्या कामात ती सल्लागारांत होती. म्हणजे कर्ज बांधील असलं तरी शिकता येतं. फक्त शिकायला कुणीतरी घरचा माणूस त्या टेबलावर बसलेला हवा, आणि त्याला उद्याही तिथेच काम करायचं असायला हवं.

आता नाण्याची दुसरी बाजू. एकदा आपली झालेली कंपनी कायम आपली राहते असं नाही. स्टुप हे नाव पुलांच्या क्षेत्रातल्या लोकांना माहीत असेल. फ्रान्समध्ये युजीन फ्रेसिने यांच्या प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटच्या तंत्राभोवती उभ्या राहिलेल्या कंपनीची ही इथली फांदी. ती मुंबईत रुजली, भारतीय इंजिनिअरांच्या हाती आली, देशभर पूल आणि इमारती केल्या. अलीकडे तिची सूत्रं पुन्हा एका फ्रेंच कंपनीकडे, असिस्टेमकडे गेली. लार्सन अँड टुब्रोने डेन्मार्कच्या रॅम्बोलबरोबर १९९८ साली काढलेली सल्लागार कंपनी पुढे पूर्ण एल अँड टीची झाली आणि २०२३ साली तीही स्टुपलाच विकायचं ठरलं. मुंबईतली हम्फ्रीज अँड ग्लासगो ही जुनी कंपनी अमेरिकेच्या जेकब्सकडे गेली आणि जेकब्सचा तो धंदा २०१९ साली ऑस्ट्रेलियाच्या वर्लीकडे.

हे वाचून हळहळायची गरज नाही. विकणाऱ्याला चांगली किंमत आली असेल, तिथल्या पोरांना मोठी कामं मिळत असतील. मी ओळखतो अशा कंपन्यांतली मुलं-मुली, ठाण्या-पुण्यात बसून जगभरची ड्रॉइंग काढतात. पण मी त्यांना विचारतो, "तिसऱ्या रकान्यात सही कुणाची?" तेव्हा काहीजण हसतात आणि विषय बदलतात. कुणी सांगतं की मंजुरी ह्यूस्टनहून येते, कुणी सांगतं लंडनहून. पगार चांगला आहे, काम बारीक आहे, पण पुन्हा पहिल्याच रकान्यात बसलोय की काय, अशी शंका येते.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आज आपणही कुणाचे तरी साहेब आहोत. नायजेरियात दांगोटे समूहाची दिवसाला साडेसहा लाख बॅरलची प्रचंड रिफायनरी उभी राहिली, तिच्या इंजिनिअरिंगचं आणि बांधकाम-व्यवस्थापनाचं काम ईआयएलने केलं. मंगोलियात भारताने दिलेल्या कर्जातून रिफायनरी होतेय आणि सल्लागार अर्थातच ईआयएल. बोकारोत रशियाने जे केलं तेच. उलानबातरमध्ये एखादा मंगोल इंजिनिअर हेच म्हणत असेल: कर्ज त्यांचं म्हणून सही त्यांची. त्याला आपण काही शिकवून येतोय का, हे बघायला मला आवडेल.

आता परत आपल्या दारात येऊ. मुंबईची मेट्रो ३ आणि अटल सेतू, दोन्हींना जपानच्या जायका संस्थेचं कर्ज. दोन्हींच्या मुख्य सल्लागार गटांत एकॉम, पॅडेको अशी परदेशी नावं. आत राबणारी बहुसंख्य माणसं आपलीच, हे तिथे गेलेल्या कुणालाही दिसतं. कामंही झाली. पण ती झाल्यावर ते कसब साठवणारं भांडं कुठे आहे? सल्लागार गट प्रकल्पापुरता बनतो आणि प्रकल्प संपला की विरतो. माणसं पांगतात. पुढच्या बोगद्याच्या वेळी पुन्हा नवं टेंडर, पुन्हा नवा सल्लागार. छोट्या महापालिकांची स्थिती तर आणखी वाईट. पाणीयोजनेचा डीपीआर बाहेरून, तपासणी बाहेरून, तपासणीची तपासणीही बाहेरून. शहर अभियंत्याच्या हाती उरतो तो मंजुरीचा शिक्का. आकडेमोड कशावरून केली हे विचारलं की उत्तर येतं, "ते कन्सल्टंटकडे आहे."

साठ वर्षांपूर्वीचा अनुभव बघता मला चार प्रश्न विचारावेसे वाटतात, आणि ते तुम्हीही विचारा.

एक, मुख्य सल्लागार कोण आणि पाठीशी कोण? परदेशी कंपनी हवी तर जरूर घ्या, पण पुढे इथलं कुणीतरी असू द्या.

दोन, महापालिकेचे किंवा महामंडळाचे स्वतःचे किती इंजिनिअर त्या गटात बसणार, आणि काम संपल्यावर ते त्याच खात्यात राहणार की बदली होऊन जन्ममृत्यू नोंदणीत जाणार?

तीन, काम संपताना आपल्याला काय मिळणार? नुसत्या छापील प्रती, की मूळ फाइली, आकडेमोड, जमिनीच्या चाचण्यांचे निष्कर्ष, सगळं?

चार, याच्या पुढचं काम कोणतं? एकाच कामातून कुणी शिकत नाही. पाच वर्षांत पाच कामं एका रांगेत दिसत असतील तरच शिकवण्यावर केलेला खर्च वसूल होतो.

या चारही गोष्टी करारात लिहिता येतात. लिहिल्या नाहीत तर आपोआप होत नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी बातमीत "परदेशी सल्लागाराची नेमणूक" अशी ओळ दिसली की भांडत बसण्याआधी तो करार मागवा. सरकारी पैशाने झालेला करार आहे, माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. प्रत हाती आली की मला दाखवा, आपण मिळून वाचू.